गंजलेला आटा व आपलें शिक्षण

मोटारीचें काम म्हणजे काळ्या हातांचें काम. ज्याला पुस्तकी विद्या साधली नाहीं त्यानें तें करावें, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांत आजहि दृढ आहे. आमच्या मतें हा समज विद्येलाच घातक आहे. तो कसा, हें एका लहानशा वस्तूच्या दृष्टान्तानें आम्ही दाखवूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर होय.

इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुरांत प्राणवायु किती उरला आहे, हें हा सेन्सर ओळखतो. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण बिघडलें कीं इंधन तरी व्यर्थ जातें, किंवा विषारी वायु तरी वाढतात. सेन्सरच्या टोंकाशीं झिर्कोनियाचें कवच असतें. तें सुमारें ३०० अंश सेल्सियसच्या वर तापलें म्हणजे धूर व बाहेरील हवा यांतील प्राणवायूच्या अंतराप्रमाणें ०.१ ते ०.९ व्होल्ट इतका अल्प विद्युद्दाब उत्पन्न करितें, आणि त्यावरून मोटारींतील संगणक पेट्रोल कमीजास्त करितो. यामागील सिद्धान्त जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनीं १८८९ मध्यें मांडला. मोटारींत त्याचा असा उपयोग १९७६ पासून होऊं लागला. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यास हा सेन्सर धड असणें अवश्य आहे.

कालांतरानें तो निकामी होतो व बदलावा लागतो. खरी परीक्षा येथेंच! पुष्कळ गाड्यांत तो अशा अडचणीच्या जागीं असतो कीं, तेथें हात पोंचतो तर डोळा पोंचत नाहीं. वर्षानुवर्षें तापून व निवून त्याचे आटे गंजानें जखडलेले असतात. अडाणी मनुष्य पान्यास लांब नळी लावून सर्व जोर एकदम करितो. मग सेन्सरचे कोपरे झिजून पाना फिरूं लागतो, किंवा नळीचे आटेच उखडून येतात, आणि थोडक्यांत होणाऱ्या कामासाठीं सबंध नळी बदलण्याची पाळी येते.

जाणता मिस्त्री प्रथम विचार करितो कीं, हें अडलें कशानें? बिघाड सेन्सरचाच आहे, तारेचा नव्हे, याची तो खात्री करून घेतो. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवितां भक्कम घोडीवर टेंकवितो. नळी थंड असतांना गंज सोडविणारें पातळ तेल आट्यांवर सोडून रात्रभर वाट पाहतो. केशाकर्षणानें तें आंत शिरतें. सकाळीं तेल पुसून, उघड्या जागीं इंजिन कांहीं मिनिटें चालवून बंद करितो. उष्णतेनें धातु प्रसरण पावतो व गंजाची पकड ढिली होते. मग हातमोजे घालून, तारेपुरती फट असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट पुरता बसवितो. सेन्सर टाकूनच द्यावयाचा असेल, तर तार कापून बंद तोंडाचा पाना वरून घालतो, कारण त्याची पकड अधिक घट्ट असते. आटा किंचित् सुटला कीं थोडा मागें, थोडा पुढें, पुन्हा तेल, अशा धिमेपणानें तो त्यास बाहेर आणितो. नवा बसवितांना गंजरोधक लेप केवळ आट्यांस लावितो, टोंकास लागूं देत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येथें केशाकर्षण, प्रसरण, तरफ व घर्षण हे तुमच्या पुस्तकांतील चारहि धडे एका आट्यापाशीं हजर आहेत. परीक्षेंत त्यांच्या व्याख्या लिहून गुण मिळतात. परंतु जखडलेला आटा पाठांतरास भीत नाहीं. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ, ही म्हण तेथें रोज खरी ठरते.

कांहीं लोक मात्र सेन्सर काढण्याचा त्रासच टाळतात व संगणकास फसवून सूचनेचा दिवा तेवढा विझवितात. दिवा विझतो, पण विषारी धूर तसाच राहतो, आणि तो आपल्याच लेंकरांच्या छातींत जातो. हातकामांतील अप्रामाणिकपणा हा इतका दूरवर पोंचतो. म्हणूनच हें काम केवळ निर्वाहासाठीं नाइलाजानें करणारांवर सोडून देणें इष्ट नाहीं.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा किंवा मुलगी मिस्त्रीपाशीं उभी राहून प्रश्न विचारूं लागली तर तिला हांक मारून परत बोलावूं नये. प्रभु येशू नासरेथांत सुतार होता. प्रेषित पौल राहुट्या करून निर्वाह करी. आपल्या मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी तरुणपणीं जोडे शिवीत असत. त्यांच्या हातांनीं त्यांच्या विद्येस उणेपणा आणिला नाहीं.

प्रत्येक हायस्कुलांत एक जुनें इंजिन असावें, आठवड्यांतून एक तास तें जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं मुलामुलींनीं उघडावें, आणि त्या मिस्त्रीस त्यांनीं ‘गुरुजी’ म्हणावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेथें हात काळे होतील खरे. ते साबणानें धुतां येतात. श्रमाविषयींचा तिटकारा एकदां मनांत जखडून बसला, तर तो सोडविणें याहून कठीण आहे.