वारसा सर्वांचा, भुर्दंड एकट्याचा?

मुकुंदवाडीतील नव्या घरांच्या सरकत्या काचा धूळ आणि जालना रस्त्याचा गोंगाट बऱ्याच अंशी अडवितात. जुन्या शहरातील वाडेमालकालाही तीच सोय हवी असेल, तर त्यात गैर ते काय? मात्र त्यासाठी सागवानी खिडकी उखडण्याचे कारण नाही. आतल्या बाजूने तावदानांची दुसरी चौकट बसविली, की मधली कोंडलेली हवा उष्णता व आवाज रोखते; मूळ खिडकी अबाधित राहते. प्रश्न खर्चाचा आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. परंतु केवळ निर्बंधांनी वास्तू टिकत नाहीत. वाड्याची शोभा साऱ्या शहराची, मग भुर्दंड मालकानेच का सोसावा? महापालिकेने अशा कामासाठी मालमत्ता करात सवलत द्यावी. अन्यथा खिडक्या भंगारात जातील आणि मागे उरेल ती केवळ हळहळ.