फोकून पेरलेला शब्द

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘ध्वनिक्षेपण’, ‘प्रक्षेपण’ असे भारदस्त प्रतिशब्द योजिले, तो ‘ब्रॉडकास्ट’ मूळचा शेतातला आहे, हे कोशात प्रथम वाचले तेव्हा ते पान मला कितीतरी वेळ उलटवेना. ‘ब्रॉड’ म्हणजे ऐसपैस. ‘कास्ट’ म्हणजे फेकणे, आणि हे क्रियापद नॉर्स दर्यावर्द्यांच्या भाषेतून इंग्रजीत उतरलेले. अठराव्या शतकातील इंग्लंडात, कमरेशी बियांची टोपली धरून, नांगरलेल्या रानातून संथ पावले टाकीत, मुठीमुठीने बी चौफेर विखरीत जाणाऱ्या कृषकाच्या पेरणीला हे विशेषण लागत असे. जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास ओळीत बी सोडणारे यंत्र सिद्ध केले ते या पद्धतीत बी फुकट जाते म्हणूनच. आपल्या देशावरच्या शेतकऱ्याला ओळीची विद्या टलकडून शिकावी लागली नाही. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणे त्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मात्र भाताचे रोप करावयाचे झाले म्हणजे कोकणात राब भाजलेल्या जमिनीवर बी फोकूनच पेरतात, आणि ‘फोकणे’ हेच माझ्या मते त्या इंग्रजी शब्दाचे अस्सल मराठी नाव होय.

बिनतारी संदेश आरंभी ओळीतल्या पेरणीसारखाच होता: एका जहाजाने एका बंदराला धाडावयाचा, आणि तिसऱ्याने ऐकला तर तो यंत्राचा दोष. पुढे, कोण ऐकेल याचा हिशेब न ठेवता सर्वांसाठी बोलावयाची कल्पना निघाली, तेव्हा तिला नाव कुणब्याच्या मुठीतून मिळाले. १९२२ साली लंडनात स्थापन झालेल्या कंपनीने ते आपल्या नावातच घेतले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी ज्या कंपनीचे केंद्र उघडले तिच्याही नावात ते होते, आणि तीन वर्षांत तिचे दिवाळे वाजून कारभार सरकारी अंमलाखाली गेला तरी शब्द टिकला. आमच्या ‘क्षेपणा’त फेकणे राहिले, बी तेवढे गळाले, याची मला फार हळहळ वाटते.

१९३२ साली उघडलेल्या लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या प्रवेशदालनात एरिक गिल याने कोरलेला बी पेरणारा पुरुष उभा आहे. आपल्या मुंबई केंद्राच्या दारीही, गुडघाभर लुगडे खोचून राबावर भाताचे बी फोकणारी एखादी शेतकरीण दगडात उभी असावी.