अंदाजपत्रकातील न लिहिलेली कलमे

रामनवमी जवळ आली की शहरातील अनेक घरमालकांच्या तोंडी एक तक्रार ऐकू येते. गॅलरी आत घेण्याचे, गच्चीवर खोली चढविण्याचे किंवा बैठ्या घराला मागच्या अंगाने एक दालन जोडण्याचे काम अर्ध्यावर आलेले असते. मृगाचा पाऊस दोन-अडीच महिन्यांवर येऊन ठेपलेला असतो. नेमक्या अशा वेळी मुकादम येऊन सांगतो की, माणसे पोहरादेवीला निघाली. आठ-दहा दिवस काम बंद राहील. घरमालक कपाळाला हात लावतो. त्याच्या अंदाजपत्रकात सिमेंट, लोखंड, वाळू आणि लादी यांची कलमे असतात. रामनवमीचे कलम नसते.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील हे लहानसे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, जगदंबेचे मंदिर आहे, आणि रामनवमीस महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र येथून भाविकांचा मोठा मेळा तेथे भरतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तेव्हा शहरांतील सुशिक्षितांपैकी कित्येकांनी या गावाचे नाव प्रथमच वाचले असेल. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील तांड्यांवरून ऊसतोडीला व बांधकामाला निघणारी माणसे आपल्या शहरांस नवी नाहीत. आपण राहतो त्या घरांच्या स्लॅबला त्यांचे हात लागलेले आहेत.

हा प्रसंग आम्ही आरंभीच घेतला, त्याला कारण आहे. घर वाढविण्याचा खर्च अंदाजाबाहेर जातो तो बहुधा लिहिलेल्या कलमांचे दर चुकल्यामुळे नव्हे. काही कलमे मुळी लिहिलीच जात नाहीत म्हणून तो जातो. त्यांपैकी काही कलमांचा भुर्दंड घरमालकास बसतो, काहींचा शेजाऱ्यास, आणि एकाचा त्या मजुरास.

घर वाढविणे हा आपल्या शहरी जीवनाचा जुनाच व्यवहार आहे. चाळीच्या खोलीत पोटमाळा घातला गेला, तीच मुंबईकराची पहिली घरवाढ. वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पिढ्या वाढल्या. पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांची घरे तेथील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाली. मधल्या काळात कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, आणि जागा उंचीत शोधावी लागली. हौस म्हणून कोणी पोटमाळा घालीत नाही. घर वाढविणाऱ्यास सरसकट कायदेभंगाचा आरोपी समजणारी वृत्ती म्हणूनच आम्हांस मान्य नाही.

ही गरज आधीच ओळखून घरे बांधता येतात, हेही आपल्याकडे सिद्ध झालेले आहे. नवी मुंबईत बेलापूर येथे सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात जी वसाहत उभारली, तिच्यात प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर ठेवले आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक राहू दिली नाही. हेतू हा की, ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्याने शेजाऱ्यास धक्का न लावता घर वाढवावे. पुढे रहिवाशांनी बहुतेक घरांचे मूळ रूप पार बदलून टाकले, ही गोष्ट वेगळी. पण वाढीचा विचार पायाभरणीच्या वेळीच झाला होता. आपल्या सदनिकांच्या इमारतींत असा विचार झालेला नसतो. तेथे माझी भिंत ही दुसऱ्याचीही भिंत असते आणि माझ्या खांबावर वरच्या चार मजल्यांचा संसार उभा असतो.

म्हणून पहिले न लिहिलेले कलम संरचना अभियंत्याचे होय. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधारालाच हात घातला गेल्याचा आरोप त्या वेळी झाला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. कोणती भिंत केवळ आडोसा आहे आणि कोणती भार वाहते, हे मिस्त्रीच्या अनुभवावर सोडण्याची बाब नव्हे. अभियंत्याचे शुल्क वाचविणारा गृहस्थ स्वतःचे पैसे वाचवितो आणि शेजाऱ्यांचे प्राण पणास लावतो.

दुसरे कलम परवानगीचे. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमापासून बांधकामास नियोजन प्राधिकरणाची अनुज्ञा घेणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुंबईत जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. गॅलरी, फुलझाडांचे कट्टे यांसारखे जे भाग त्यापूर्वी चटईक्षेत्राच्या हिशेबातून सुटत, ते हिशेबात आले; त्याबदली निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र घेण्याची सोय झाली. उर्वरित राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. म्हणजे 'गॅलरी आपलीच आहे, आत घेतली तर कोणाचे काय गेले?' हा युक्तिवाद आता टिकणारा नाही. गृहनिर्माण संस्थेची संमती निराळी, ती वेगळी घ्यावी लागते.

तिसरे कलम कराचे, आणि ते तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत चटईक्षेत्राच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४७० चौरस फुटांच्या घरात ४० चौरस फुटांची गॅलरी रीतसर मिळविली, तर घर त्या मर्यादेच्या पलीकडे जाते. खोली एकदाच बांधावयाची असते. कर दरसाल भरावयाचा असतो.

आता बेरीज करून पाहू. समजा, कंत्राटदाराने शंभर चौरस फुटांच्या कामाची किंमत ५ लाख रुपये सांगितली. तो नोंदणीकृत असेल आणि त्याने रीतसर बिल दिले, तर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ९० हजार झाले. आराखडा व अभियंता यांचे ४० हजार धरा. राडारोडा हलविणे व संस्थेकडील किरकोळ आकारणी यांचे २० हजार धरा. काम चालू असता कुटुंबास दोन महिने अन्यत्र राहावे लागले, तर त्याचे ५० हजार. आणि भिंत फोडल्यावर आतून गंजलेली सळई किंवा गळकी नळी निघते, त्यासाठी दहा टक्के राखीव, म्हणजे आणखी ५० हजार. एकूण साडेसात लाख. सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट. ही सारी रक्कम ९ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर महिना सुमारे साडेनऊ हजारांचा हप्ता पडतो आणि परतफेड ११ लाख ४० हजारांच्या घरात जाते. पाच लाखांत होणारी खोली अशी अकरा लाखांची होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, याचा आनंद सर्वांस झाला. परंतु शंभर फुटांच्या कामात सिमेंटच्या गोण्या किती लागतात, हे पाहिले म्हणजे त्या आनंदाचे मोल कळते.

हा हिशेब आम्ही कोणास भिवविण्यासाठी मांडलेला नाही. तो आधी मांडला, तर गृहस्थ खोली लहान करील, काम दोन टप्प्यांत करील, किंवा एक वर्ष थांबेल. मागाहून कळला, तर तो जेथे हात पोहोचतो तेथे काटकसर करतो. आणि त्याचा हात सर्वांत आधी मजुराच्या खर्चापर्यंत पोहोचतो. पक्क्या परांचीऐवजी दोन फळ्या येतात, कमरेचा पट्टा गळून पडतो. सातव्या मजल्यावरील गॅलरीच्या कठड्याबाहेर एक पाय टाकून काम करणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो कोणाच्या अंदाजपत्रकातील बचत असतो, हे विचारण्याचे धैर्य मात्र आपण दाखविलेले नाही.

येथे कायदा काय करतो? संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि त्यांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर उपकरही बसविला. परंतु दहा लाखांपर्यंत खर्चाचे, स्वतःच्या राहत्या घराचे काम त्या कायद्याच्या बाहेर ठेवलेले होते. त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि तिने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. सामान्य माणसास कागदपत्रांचा जाच नको, हा त्यामागील हेतू आम्ही समजू शकतो. पण त्याचा परिणाम असा की, मध्यमवर्गीयाची जवळजवळ प्रत्येक घरवाढ या कक्षेबाहेर गेली. मजुराने कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवावयाचे, तर वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्याला लागतो. आज या गॅलरीवर पंधरा दिवस, उद्या त्या गच्चीवर वीस दिवस असे काम करणाऱ्यास तो दाखला कोण देणार? मोठ्या प्रकल्पावरील मजुराचे नाव निदान हजेरीपटावर असते. आपल्या घरी राबणाऱ्याचे नाव कित्येकदा आपल्यालाही ठाऊक नसते.

शहरे बांधणाऱ्यांत या समाजाचा वाटा केवळ मजुरीचा नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९६३ ते १९७५ अशी सुमारे अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या गावचे, बंजारा समाजातील होते. वर उल्लेखिलेला नगररचना अधिनियम त्यांच्याच कारकिर्दीत झाला आणि नवी मुंबई वसविणारी सिडको १९७० साली त्यांच्याच काळात स्थापन झाली. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या, पुढे रेल्वेने ज्यांचा व्यवसाय हिरावून घेतला अशा समाजातील माणसाने नियोजित शहराचा पाया घातला. त्याच समाजातील दुसरा माणूस आज आपल्या गॅलरीच्या कठड्यावर पट्ट्यावाचून उभा आहे.

सरकारने पन्नास लाखांच्या मर्यादेचा फेरविचार करावा, निदान लहान कामावरील मजुरास दाखला मिळण्याची सोपी वाट काढावी, अशी आमची मागणी आहे. महापालिकांनी लहान घरवाढीचे शुल्क व नियम एका पानावर, समजेल अशा मराठीत छापावेत. गृहनिर्माण संस्थांनी संमतिपत्र देताना अभियंत्याच्या दाखल्याबरोबरच परांची, पट्टा व विमा यांचीही अट घालावी. परंतु या गोष्टी होईपर्यंत गृहस्थास थांबण्याचे कारण नाही. अंदाजपत्रक त्याच्या हातचे आहे. परांचीचे, पट्ट्याचे व विम्याचे एक कलम त्याने मजुरीच्या खाली स्वतंत्र लिहावे. काम संपल्यावर जितके दिवस माणूस राबला तितक्या दिवसांचा लेखी दाखला कंत्राटदाराकडून त्याला देववावा. यास कोणत्याही कायद्याची सक्ती लागत नाही.

आणि रामनवमीचे आठ-दहा दिवस त्याने आधीच सोडून ठेवावेत. आपल्या घरी दिवाळीत काम चालू ठेवा असे आपण कोणास म्हणू देणार नाही. काम मृगाच्या आत संपवावयाचे असेल, तर ते शिमग्यापूर्वी सुरू करावे, एवढाच याचा अर्थ.