पडद्यावरचं पाणी, शिवारातलं पाणी

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालं की वाटेत पापनाशम् लागतं. कावेरीच्या फाट्यांवर भात पिकवणारा हा मुलूख. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सुटावं, असा इथला प्रघात आहे. ते लांबलं की पहिल्या भातपिकाची घडीच विस्कटते. समाजाच्या प्रश्नांना पडद्यावर आणणारे तमिळ दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम १९०४ साली या पापनाशम्‌मध्येच जन्मले. पुण्यात शांतारामबापूंचा ‘माणूस’ आला त्याच १९३९ साली सुब्रह्मण्यम यांचा ‘त्यागभूमी’ आला. तो इंग्रज सरकारला इतका झोंबला, की त्यावर बंदी घालण्यात आली.

पाण्याचा प्रश्न पडद्यावर आणला तो याच कावेरीकाठच्या दुसऱ्या दिग्दर्शकानं. के. बालचंदर मूळचे त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या नन्निलम भागातले. ‘एक दुजे के लिए’मुळे ते आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्याच १९८१ साली त्यांनी ‘तण्णीर तण्णीर’, म्हणजे ‘पाणी पाणी’, हा चित्रपट केला. त्यातलं गाव मात्र कोरडंठाक आहे. सरकारदरबारी खेटे घालून थकलेले गावकरी स्वतःच कालवा खणायला निघतात आणि सरकारी यंत्रणा त्यांनाच अडवते. सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पाहणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, डोळे भरून येतात. पण पुढे करायचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर मराठी पडद्यावर मिळालं. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत पाणी नव्हतं, म्हणून गावातल्या तरुणांना मुली मिळेनात. हनुमंत केंद्रे यांनी गावाला सोबत घेऊन पाणी अडवण्याचं काम उभं केलं. त्यांच्यावर आदिनाथ कोठारे यांनी ‘पाणी’ हा चित्रपट काढला. २०१८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तो निवडला गेला. मात्र चित्रपटगृहात यायला त्याला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

दरम्यान, ज्यांना तिकीट नाही की पुरस्कार नाही, अशा फिल्म्स गावागावांत पोहोचल्या होत्या. आमिर खान आणि किरण राव यांच्या पुढाकारानं २०१६ मध्ये पानी फाउंडेशन स्थापन झालं. गावांसाठी ‘वॉटर कप’ स्पर्धा जाहीर झाली. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके पहिल्या वर्षी होते. दुसऱ्या वर्षी ते ३० झाले, तिसऱ्या वर्षी ७५. निवडक गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण मिळे. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्यासारखी पाणलोटाच्या कामात मुरलेली माणसं मार्गदर्शनाला होती. सोबतीला होत्या शिकवणाऱ्या फिल्म्स. उतार कसा मोजायचा, समतल चर कुठे खणायचा, काम डोंगरमाथ्यावर सुरू करून पायथ्याकडे का यायचं, हे त्यात साध्या मराठीत दाखवलं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ते समजत होतं. मग पंचेचाळीस दिवस श्रमदान. पहिल्या वर्षीचा पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पटकावला, दुसऱ्या वर्षीचा वर्धा जिल्ह्यातल्या काकडदऱ्यानं.

या फिल्म्सनी हिशेबही शिकवला. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टरच्या गावात वर्षाला चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी ते पाणी भरतं चारशे कोटी लिटर! म्हणजे ज्याला आपण दुष्काळी गाव म्हणतो, त्याच्याही अंगणात वरुणराजा एवढं दान टाकून जातो. ते वाहून जातं, एवढंच.

खरी कसोटी लागते ती पाणी अडल्यानंतर. विहिरी भरल्या की उसाचा मोह होतो, बोअरवेलची गाडी गावात शिरते आणि साऱ्या गावाच्या घामानं जिरवलेलं पाणी दोन-चार पंप उपसून नेतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हा धोका वेळीच ओळखला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावानं शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, असं ठरवलं आणि ऊस-केळीलाही आवर घातला. पाऊस मोजायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यात बसतील तीच पिकं घ्यायची. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या गृहिणीला हे शहाणपण वेगळं सांगायला नको. पाण्यावरच्या पुढच्या फिल्म्सनी आता हा ताळेबंद गावागावांत न्यायला हवा. श्रमदानाची गर्दी पडद्यावर जशी खुलते, तशी ग्रामसभेतली आकडेमोड खुलणार नाही. पण गावाचं भवितव्य तिथेच ठरतं.

शहरवासीयांनाही यातून सुटका नाही. तामिळनाडू सरकारनं २००३ मध्ये इमारतींना छतावरचं पाणी साठवणं वा जिरवणं सक्तीचं केलं. आपल्या इमारतीची गच्ची शंभर चौरस मीटरची धरली, तरी शंभर मिलिमीटर पावसात तिच्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे टँकर दारात बोलावण्याआधी गच्चीकडे एकदा बघावं. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात दरवर्षी एखादा चित्रपट लागतोच. यंदा ‘पाणी’ लावावा, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीचा पाइप नेमका कुठे जातो, हे सगळ्यांनी मिळून शोधावं.