आधी प्रवाळ, मग बंदर

दिवाळी जवळ आली की आमच्या मुरुममध्ये ओपीडीत एक वेगळाच रुग्ण येतो. त्याला काहीही झालेले नसते. हातात एक छापील कागद असतो आणि म्हणणे एकच, ‘डॉक्टरसाहेब, फिटनेसवर फक्त सही पाहिजे. अंदमानला चाललोय.’ सेल्युलर जेल पाहणे ही मराठी माणसाची जुनी इच्छा. आता तिला समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहण्याची नवी हौस जोडली गेली आहे. दोन्ही एकाच सहलीत साधते, यात वाईट काहीच नाही. पण अशी सहल आखताना पैशांचा आणि सुट्ट्यांचा जेवढा हिशेब होतो, तेवढा शरीराचा होत नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक सही मी काही न विचारता करून दिली. साठीतले निवृत्त शिक्षक होते. सर्दी असेल तर पाण्याखाली जाऊ नका, एवढे एक वाक्य मी सांगायला हवे होते. सर्दी अंगावर काढत ते पाण्यात उतरले आणि कानाचा पडदा फाटून परत आले. ती चूक माझी होती. तेव्हापासून सही करण्याआधी मी दहा मिनिटे बोलतो.

आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणालाही विचारा, तळ गाठताना कान दुखतात. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे होते. सर्दीने नाक-कानामधली नळी बंद असेल, तर कानातला दाब सारखा होत नाही आणि पडद्यावर ताण येतो. वर येताना उलटे घडते, फुप्फुसातली हवा फुगते. म्हणून सिलिंडरची हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. दम्याच्या रुग्णात हवा आतच अडकू शकते, म्हणून त्याची आधी नीट तपासणी हवी. हृदयविकार आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब यांचेही तसेच. सहल हुकेल म्हणून फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिणे, ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आता मुद्दा क्रमाचा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. पुढे तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. म्हणून एकाच साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त बुड्या झाल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. माझा सल्ला, सरळ 24 तास धरा. पर्यटकांच्या उथळ बुडीत हा धोका कमी असतो, पण तो टाळायला एक पैसाही लागत नाही.

बहुतेकजण पोर्ट ब्लेअरला (2024पासून श्री विजय पुरम) उतरल्यावर आधी जेल पाहतात, मग हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, जातात आणि तिथून परतून विमान गाठतात. हा क्रम उलटा करा. आधी बेट आणि प्रवाळ, शेवटचा पूर्ण दिवस बंदराच्या शहरात. सावरकरांची कोठडी शेवटच्या दिवशीही तिथेच असणार आहे. बुडीनंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर, न उतरणारा थकवा असे काही जाणवले, तर त्या दिवशी तुम्ही जमिनीवर आणि दवाखान्याजवळ असाल.

विमानाने जायचे नसेल तर आपले मालवण आहे. तिथले सागरी अभयारण्य 1987चे. किल्ला, बंदर आणि प्रवाळ तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. पण मुरुमला परतताना सह्याद्री आडवा येतो. आंबोली सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. सकाळी बुडी मारून दुपारी घाट चढणे म्हणजे लहान प्रमाणात तेच. रात्रीचा मुक्काम मालवणातच करा, माशाचे जेवण करा आणि सकाळी निघा.

शेवटी प्रवाळाविषयी. तो दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्याला हात लावला तर त्याला इजा होते आणि तुम्हालाही. प्रवाळाने झालेली जखम बारीक कण आत राहिल्याने चिघळते. ती स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टरांना दाखवावी. त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सनस्क्रीनमधल्या काही रसायनांमुळे प्रवाळाला धोका असल्याने हवाईने 2021पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपण पूर्ण बाह्यांचा सदरा घातला तरी काम भागते.

तेव्हा तिकीट काढण्याआधी दवाखान्यात या. सही मिळेल, पण आधी दहा मिनिटे बसावे लागेल.