बसऱ्याला गेलेला माणूस

गेल्या गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढचे गृहस्थ सांगत होते, त्यांचे पूर्वज पानिपतावर पडले. त्यांच्या पुढच्या बाईंचेही पानिपतावरच. मागच्या तरुणाचे तर दोघे, त्यांतले एक विश्वासरावांच्या अगदी शेजारी. मठ्ठ्यापर्यंत पोचेस्तोवर मी मनाशी हिशेब केला. आपल्या एवढ्याशा रांगेतून भाऊसाहेबांना एक अख्खं पथक उभं करता आलं असतं. त्या मोहिमेत लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे जास्त होते असं शाळेत शिकलो होतो, पण त्यांतल्या एकाचाही वंशज इंग्लंडात आलेला दिसत नाही.

थट्टा सोडून देतो. पानिपतावर कुणाचे पूर्वज नव्हते असं मी म्हणत नाही. असतीलही. माझी तक्रार वेगळी आहे. जे शोधून सापडण्यासारखं नाही त्याचा आपण अभिमान बाळगतो आणि जे खरोखर सापडू शकतं त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसायांनी पंचेचाळीस खंड काढले. त्यांत सरदार भेटतात, कारकून भेटतात, पथकांची देणी-घेणी भेटतात. भाला घेऊन चाललेला तुमच्या-माझ्या घरातला माणूस तिथे बहुतेक वेळा 'राऊत' किंवा 'असामी' या शब्दामागच्या आकड्यात असतो. दीडशे वर्षांनंतर मात्र चित्र पालटतं. पहिल्या महायुद्धात पलटणीत गेलेल्या शिपायाला नंबर होता, आणि त्याच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा कुणीतरी लिहून घेतलेला होता. हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसं त्या युद्धात गेली, चौऱ्याहत्तर हजारांवर मेली. त्यांतल्या कितीजणांना आपल्या मंडळातलं कुणी नावानं ओळखतं?

आमच्याकडे असा एक होता. पणजोबांचा धाकटा भाऊ, खेड तालुक्यातला. आजी सांगायची, 'तो बसऱ्याला गेला. जर्मनच्या लढाईत.' पुढे गोष्ट अशी की कूतच्या वेढ्यात घोड्याचं मांस खायला नकार देऊन तो उपाशी मेला. लहानपणी ऐकताना अंगावर काटा यायचा. गोष्टीला आधारही आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात सहाव्या पुणे डिव्हिजनचं सैन्य मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारात अडकलं होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस हिंदी शिपाई बराच काळ नाकारत होते आणि ते खायला हरकत नाही अशा धर्मगुरूंच्या तारा हिंदुस्थानातून मागवाव्या लागल्या. अखेर शरणागती झाली तेव्हा सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली.

लंडनला राहतो म्हटल्यावर हे काम सोपं असणार, असं गावाकडे सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. डिस्ट्रिक्ट लाइन पकडून क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो आणि पलटणींच्या युद्धरोजनिश्या मागवल्या. दप्तरं समोर आली, पेन्सिलीनं लिहिलेली पानं, बघून हात थरथरला. पण त्या रोजनिश्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात, हिंदी अधिकाऱ्यांची कधीमधी, आणि मग 'तीन शिपाई जखमी, एक मृत'. तो एक कोण, हे रोजनिशी सांगत नाही. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांचंही तेच. कंपनीच्या आणि पुढच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची, गोऱ्या सोल्जरांची माहिती तिथे भरपूर आहे. हिंदी शिपायांची सेवापत्रकं लंडनला पाठवलेलीच नव्हती, ती हिंदुस्थानात पलटणींकडे राहिली. 'सगळं इंग्रजांनी लंडनला नेलं' हा आपला लाडका समज या एका बाबतीत तरी सोडायला हवा.

नाव सापडलं ते युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत. ही यादी घरबसल्या बघता येते. पण ती कशी वाचायची हे कळेपर्यंत माझा एक अख्खा हिवाळा गेला.

आधी आडनाव. लिहून घेणारा कारकून पंजाबी, बंगाली किंवा इंग्रज. त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं रोमन लिपीत उतरवलं. म्हणून चव्हाणचा चवान होतो, जाधवचा जादो होतो, आणि पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं 'रामा' किंवा 'बाळू' असतं. मग गाव. खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही आहे. वडगाव आणि नांदगाव किती आहेत ते मोजू नका. जिल्हा तर हमखास फसवतो. यादीतला कुलाबा म्हणजे आजचा रायगड. यादीतला सातारा आज सांगलीतही असू शकतो, कारण जुना सातारा जिल्हा १९४९ साली दुभंगला. यादीतल्या रत्नागिरीचा दक्षिण भाग १९८१ पासून सिंधुदुर्ग आहे. राहता राहिली पलटण. घरात आठवण असते ती आकड्याची, आणि १९२२ साली सगळे आकडे बदलले. १०३ ची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी. एखाद्याचे आजोबा 'एकशे दहा'त आणि काका 'तिसऱ्या बटालियनी'त असतील, तर बाप-लेक एकाच पलटणीत होते हे घरातच कुणाला ठाऊक नसतं.

आमच्या माणसाच्या नावाचे तिघे निघाले. त्यांतल्या एकाच्या बापाचं नाव जुळलं, तालुका जुळला, गावाचं स्पेलिंग डोळे मिटून वाचलं तर जुळलं. फक्त पलटण जुळली नाही. तो मराठा पलटणीत नव्हताच, खेचरांच्या तांड्यावर ड्रायव्हर होता. मृत्यूची तारीख ऑक्टोबर १९१८. म्हणजे कूत पडून अडीच वर्षं झाली होती. घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता. त्या महिन्यात इन्फ्लुएंझा जगभर माणसं नेत होता, मेसोपोटेमियातल्या छावण्यांतही.

हे गावी कळवलं तेव्हा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'खेचरं हाकायचा? हे मंडळाच्या अंकात नको लिहूस.'

दादाची क्षमा मागून लिहितो आहे, कारण माझा सगळा मुद्दाच इथे आहे. आपण कागदात पूर्वज शोधत नाही, पराक्रम शोधतो. पराक्रम निघाला नाही तर कागद मिटून ठेवतो. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते. दारूगोळा, पाणी, पीठ, जखमी, सगळं खेचरांच्या पाठीवर आणि होड्यांत जायचं. ती साखळी अपुरी पडली म्हणूनही सुटकेच्या फौजेला कूतला पोचता आलं नाही. खेचरवाला, भिस्ती, डोलीवाला, लंगरी आणि बोटीवरचा खलाशी यांना वगळून जे उरतं ते सैन्य नव्हे, संचलन. मुंबईत मशीद बंदरजवळ खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं. किनाऱ्यावरच्या घराण्यांनी, विशेषतः कोकणी मुसलमानांनी, आधी तिथली यादी बघावी. आपल्या मंडळाच्या 'शौर्य विशेषांका'त खलाशी आलेला मला आठवत नाही.

दोन दगडांची गोष्ट सांगायलाच हवी. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांतली बावीस 'नाक' हा प्रत्यय लागलेली, म्हणजे महारांची आहेत. कंपनी सरकारनं ती स्वतःच्या बढाईसाठी कोरली हे खरं. पण कोरली. शंभर वर्षांनी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं, ज्यांची थडगी सापडत नाहीत अशांचं. तिथे भिंतीवर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, आणि हिंदी शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे आहेत. त्यांची नावं भिंतीऐवजी रजिस्टरात गेली. कमिशननंच नेमलेल्या समितीनं एप्रिल २०२१ मध्ये कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांना नावानं स्मरलं गेलं नाही, किंवा स्मरलंच गेलं नाही. त्यांत मुख्यत्वे पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसं आहेत. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते बसऱ्याचं स्मारक गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. आकडेही तिकडे गेले.

आणि आपल्याकडचे दगड? गावच्या शाळेच्या, चावडीच्या भिंतीत एक लहानशी पाटी असते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही नाव नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' चिकटलं. बाकीच्या गावांत त्या पाटीवर तेलकट रंगाचे हात फिरले आहेत. बसऱ्याच्या दगडावर आकडा, गावच्या दगडावर आकडा, आणि दोन्हींना जोडणारं नाव मधे कुठेतरी रजिस्टरात पडलेलं. एका टोकाला लंडन, दुसऱ्या टोकाला खेड. दोन्हीकडे पाय असलेली माणसं आपल्या मंडळाइतकी दुसरीकडे कुठे आहेत?

पंजाब्यांनी हे करून दाखवलं. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या सव्वातीन लाखांच्या घरातल्या सैनिकांची गाववार रजिस्टरं पडून होती. इंग्लंडातल्या यूके पंजाब हेरिटेज असोसिएशननं ग्रीनिच विद्यापीठाबरोबर ती संगणकावर आणायला सुरुवात केली. त्या रजिस्टरांची मोठी गंमत म्हणजे त्यांत परत आलेलेही आहेत. आपल्या हाती आहे ती वॉर ग्रेव्ह्जची यादी, तिच्यात फक्त मेलेले. आणि विचार करा, लढाईवर मेलेला विशीतला पोरगा पुष्कळदा मूलबाळ होण्याआधीच गेलेला. आपण जन्मलो ते परत आलेल्याच्या पोटी, नाहीतर गेलाच नाही त्याच्या पोटी. यादीत भेटतो तो चुलत पणजोबा. सख्खा पणजोबा शोधायचा तर पेन्शनीचे कागद, डिस्चार्जचा दाखला, जंगी इनामाची नोंद आणि आजीची पेटी याच जागा.

एक आक्षेप दरवेळी येतो. इंग्रजांच्या पगारावर लढले, त्यांचं कौतुक कशाला? मी कौतुक मागत नाही, नाव मागतो आहे. दुष्काळ, सावकार आणि तुकड्याएवढं शेत यांतून माणसं पलटणीत गेली. काही पळून आले, काहींनी १९४६ साली मुंबईत नौदलात बंड केलं. सगळ्यांच्या नोंदी याच कपाटांत आहेत. दुसरा आक्षेप कुणी मोठ्यानं घेत नाही, पण तोच खरा आहे. कागदात जात निघते. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, १९१७ ला १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली, पुन्हा महार रेजिमेंट १९४१ ला. त्या घरांतला शोध मधेच दोन-दोन दशकं तुटतो, आणि तो त्या घरांच्या चुकीमुळे तुटत नाही. आपल्या रांगेतल्या पानिपतवाल्यांना हा इतिहास अंकात चालेल का, हे मला बघायचं आहे.

तर कार्यकारिणीला माझी सूचना अशी. पुढच्या गणपतीत एक वही ठेवा. तिच्यात पराक्रम लिहून घ्यायचा नाही. घरात जशी म्हणतात तशी पलटण, नंबर असेल तर नंबर, बापाचं नाव, गाव आणि जुना तालुका. डिसेंबरात जे गावी जातील त्यांनी शाळेच्या पाटीचा फोटो आणावा. इथले निवृत्त लोक आठवड्यातून एकदा यादीपुढे बसतील, मी बसेन. आणि घरात पदक असेल तर त्याची कड बघा, तोंड नव्हे. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या युद्धातली गोऱ्या सोल्जरांची पदकं निनावी होती, आपल्या शिपायांच्या पदकांवर मात्र नाव आहे. सोनाराकडे मोडीत गेलेल्या प्रत्येक पदकाबरोबर एक नोंद वितळली.

दादा रागावला होता, पण कडेची गोष्ट मी सांगितल्यावर त्यानं घर शोधलं. पेटीत काही नव्हतं. दहा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर वहिनीनं पाठवलेला फोटो आला. देव्हाऱ्यातले टाक दसऱ्यासाठी चिंचेनं घासायला काढले होते. खंडोबा, भैरोबा, देवी, आणि चौथा एक गोल, जाडसर, त्यावर घोड्यावरचा उघडा माणूस. आमच्या घरात त्याला 'वीर' म्हणायचे आणि लग्नात त्याच्यापुढे नारळ ठेवायचे. पदकाच्या मागच्या बाजूला सेंट जॉर्ज घोड्यावर असतो. दुसऱ्या बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, ते इतकी वर्षं पाटाला टेकून होतं.

कडेत शंभर वर्षांचं हळदकुंकू भरलं होतं. वहिनीनं ते काडीनं कोरून काढलं आणि एकेक अक्षर मोबाइलच्या उजेडात वाचून दाखवलं. नंबर यादीतलाच होता. आडनावाचं स्पेलिंग तिसरंच होतं.

'मग आता हा देव्हाऱ्यात ठेवायचा की नाही?' वहिनीनं विचारलं. दादा मागून म्हणाला, 'ठेव. आणि खेचराचं लिहायचं तर लिहू दे त्याला.'