ऐकू येणे आणि उमगणे

“मुलगा ऐकतच नाही,” ही पालकांची तक्रार जुनीच आहे. आम्ही शिक्षकही प्रगतिपुस्तकात ‘लक्ष कमी’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. परंतु ह्या दोषारोपात लहान मुलांवर पुष्कळदा अन्याय होतो, असे माझे नम्र मत आहे.

एकदा शुद्धलेखनाच्या तासाला मी ‘धडा’ सांगितला असता एका लहान विद्यार्थ्याने ‘घडा’ लिहिले. मी त्यास रागे भरून उभे केले. थोड्या वेळाने बाहेरचा मोटारींचा कलकलाट थांबला, तेव्हा तोच शब्द पुन्हा सांगितला. त्याने तो बिनचूक लिहिला. त्या दिवशी खजील मी झालो.

बालकाचा कान जन्मापासूनच ऐकत असतो. तथापि गोंगाटातून बोलणे निवडून घेणे हे काम मेंदूचे होय, आणि ती शक्ती सावकाश परिपक्व होते. पंख्याच्या घरघरीसारखा एकसारखा नाद असेल, तर मूल साधारणतः नऊ-दहा वर्षांचे झाले म्हणजे मोठ्यांच्या बरोबरीस येते. पण भोवती इतर माणसे बोलत असतील, तर ती बरोबरी साधण्यास तेरा-चौदावे वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. बुडालेले अक्षर आपण शब्दसंग्रहाच्या व अनुभवाच्या बळावर भरून काढतो. मुलापाशी ती पुंजी अद्याप थोडी असते. ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी, त्याची अडचण तर अधिकच.

न्यूयॉर्क शहरात उंचावरील लोहमार्गालगत एक शाळा होती. तेथे रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे आहेत, असे ॲर्लिन ब्रॉन्झाफ्ट ह्या विदुषीने 1975 साली दाखविले. पुढे रुळांखाली रबर बसविले, वर्गांत नाद शोषणारी छते घातली आणि तो फरक नाहीसा झाला. मुले तशीच होती. गोंगाट तेवढा कमी झाला होता.

आपल्या मुकुंदवाडीसही आगगाडीचे स्थानक आहे, जालना रस्त्याची अखंड रहदारी आहे, आणि लग्नसराईत वाद्यांचा दणदणाट आहे. सन 2000 च्या नियमांनुसार शाळेभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र मानता येते व तेथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. परंतु आपण शाळेच्या दारात मुलास घ्यावयास येऊन स्वतःच भोंगा वाजविला, तर नियमाने काय साधणार?

“आम्ही ह्याच गोंगाटात शिकलो,” असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण आपल्यासोबतचे किती जण त्यात मागे राहिले, ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

म्हणून पालकांस विनंती, की अभ्यासाच्या वेळी दूरचित्रवाणी बंद ठेवावी, स्वयंपाकघरातून हाक मारण्याऐवजी मुलाजवळ जाऊन बोलावे, आणि शांततेतही ऐकू येत नसल्यास वैद्यांकडून कान तपासून घ्यावेत. विद्यार्थीमित्रहो, न कळल्यास पुन्हा विचारण्यास लाजू नका; आणि तुम्ही वरच्या वर्गांतील मुले व्हरांड्यातून जाताना धाकट्यांच्या वर्गाची आठवण ठेवा.

बाळ शमुवेलास परमेश्वराची हाक आली ती रात्रीच्या निवांत प्रहरी. तरीही ती कोणाची, हे त्यास उमगले नाही, व तो तीन वेळा एलीकडे धावला. वृद्ध एलीने त्याजवर दोष ठेविला नाही. कसे ऐकावे, हे त्यास शिकविले. आपणा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ह्याहून निराळे नाही.